संप करावा की नाही? निपाणीच्या कामगार बायकांचा चित्रपट

निपाणीच्या तंबाखू कारखान्यांत राबणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात दिवसभर भुकटी जायची आणि मजुरी मिळायची तुटपुंजी. त्यांच्या संघटनेवर माहितीपटकार दीपा धनराज यांच्या ‘युगांतर’ या चित्रपट गटाने 1982 मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा मराठी माहितीपट केला. चित्रीकरणाआधी गट चार महिने या बायकांसोबत होता. काही प्रसंग बायकांनी स्वतःच पुन्हा साकारले.

अशा संघटनेपुढे कधी ना कधी संपाचा प्रश्न येतोच. संपाची रीत साधी असते: आधी मागण्या, मग मालकाशी बोलणी आणि ती फिसकटली तरच संप. हातावर पोट असलेल्यांची संपात रोजची मजुरी बुडते. म्हणूनच निर्णय एकट्या पुढाऱ्याने घेऊन चालत नाही. जिची चूल अडणार, तिचा शब्द आधी ऐकायला हवा.