काँकच्या महाद्वारावरील तराजू

दक्षिण फ्रान्समधील काँक हे डोंगरउतारावर वसलेले चिमुकले गाव. ल प्युई येथून निघून स्पेनमधील सांतियागोकडे पायी जाणारे ख्रिस्ती यात्रेकरू सुमारे 200 किलोमीटर चालून येथे मुक्कामास येतात. गावाच्या मानाने अवाढव्य वाटणारे संत फॉयचे चर्च 11व्या व 12व्या शतकांत उभे राहिले.

पश्चिमेच्या महाद्वारावर अंतिम न्यायाचा शिल्पपट असून त्यात 124 आकृती कोरलेल्या आहेत. व्यापारी माणसाची दृष्टी मात्र एकाच ठिकाणी खिळते. मध्यभागी, येशूच्या पायांखाली, तराजू लटकत आहे. एका अंगास देवदूत मायकेल, दुसऱ्या अंगास सैतान. आणि हा सैतान बोटाने पारडे हळूच दाबत आहे! तरीही काटा पुण्याच्याच बाजूस झुकलेला आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा शब्द ज्यांनी पाठ केला आहे, त्यांना या बोटाची निराळी ओळख करून द्यावयास नको. जवळच नरकात गळ्यात थैली अडकवलेला कृपण फासावर लोंबकळतो आहे.

परंतु वजनात खोट करणाऱ्याला असे चव्हाट्यावर मांडणाऱ्या या मंदिराचे वैभव कोठून आले? संत फॉय ही रोमन काळी आजँ नगरात धर्मासाठी प्राण दिलेली कोवळी मुलगी. तिच्या अस्थी आजँलाच पूजिल्या जात. काँकच्या एका भिक्षूने तेथे कित्येक वर्षे राहून, सर्वांचा विश्वास संपादून, इ.स. 866च्या सुमारास त्या पळवून आणल्या, असे मठाचीच परंपरा सांगते. या कृत्यास ‘पवित्र चोरी’ म्हटले गेले. नाव गोड; व्यवहार तोच. त्यानंतर यात्रेकरूंची रीघ लागली, दाने आली, संतेच्या सुवर्णमूर्तीवर रत्ने चढत गेली. त्याच शिल्पपटावर एक राजा, बहुधा शार्लमेन, मठाधिपतीचा हात धरून स्वर्गाकडे निघाला आहे आणि त्याने दिलेल्या भेटी घेऊन भिक्षू मागून चालले आहेत. त्या भेटी तराजूत धरल्या गेल्या की नाही, हे शिल्पकाराने दाखविलेले नाही.

पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चमधील सोने वितळविण्यासाठी नेले जाऊ लागले. तेव्हा काँकच्या गावकऱ्यांनी हा ठेवा रातोरात वाटून घेतला आणि आपापल्या घरी व बागांत दडवून ठेवला. गाव गरीब होते. मूर्तीवरील एखादे रत्न वर्षभराच्या धान्याला पुरले असते. संकट टळल्यावर त्यांनी तो आणून परत दिला. ती सुवर्णमूर्ती आज चर्चलगतच्या दालनात पाहावयास मिळते.