पाऱ्याचा नकाशा आणि मृत्यूंचा नकाशा : भारतातील उष्णतेच्या लाटा, १९९८ ते २०२४

भारतातील उष्णतेच्या लाटांचा १९९८ ते २०२४ या कालखंडातील इतिहास पाहता एक विसंगती ठळकपणे जाणवते : पारा जेथे सर्वाधिक चढला आणि उन्हामुळे माणसे जेथे सर्वाधिक दगावली, ते प्रदेश बहुधा एक नव्हते. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि अलवरचा १९५६ मधील ५०.६ अंशांचा विक्रम मोडला. मात्र १९९८ मध्ये उष्माघाताचे दोन हजारांहून अधिक बळी गेले ते ओडिशात, तर २०१५ च्या मे महिन्यात जवळपास तेवढेच बळी मुख्यतः आंध्र प्रदेश आणि तेलंगणात गेले.

या विसंगतीचे कारण उष्णतेच्या प्रकारात आहे. थरच्या वाळवंटात हवा कोरडी असते, आणि तेथून वाहणारी ‘लू’, म्हणजे वायव्येकडील तप्त, शुष्क वारे, पारा झपाट्याने चढवत असली, तरी पुरेसे पाणी मिळणाऱ्या माणसाचा घाम त्या हवेत वाळतो आणि शरीराला काहीसा गारवा लाभतो. पूर्व किनाऱ्यावर एरवी दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे तापमान आवाक्यात ठेवतात. परंतु दख्खनवरून येणाऱ्या वायव्य वाऱ्यांचा जोर वाढला की खारे वारे किनाऱ्यालाच थोपवले जातात, पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, आणि जोर ओसरल्यावर जी हवा आत शिरते ती बाष्पाने भरलेली असल्यामुळे घाम वाळत नाही. पाऱ्याची घसरण म्हणजे शरीराची सुटका, असे तेथे समजता येत नाही.

सरकारी मोजपट्टीत हा भेद फारसा उमटत नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या प्रचलित व्याख्येनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश झाल्यावरच लाटेचा विचार सुरू होतो. त्यानंतर ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक चढलेले असावे लागते, किंवा मैदानी भागात थेट ४५ अंशांवर पोहोचलेले असावे लागते, आणि एका हवामान उपविभागातील निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तशी नोंद व्हावी लागते. चंद्रपूरसारख्या ठिकाणी, जेथे मे महिन्याची सरासरीच ४२-४३ अंशांच्या घरात असते, तेथे ४४ अंशांचा दिवस या व्याख्येत बसत नाही. तो केवळ उन्हाळा ठरतो. उलट १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे, पारा चाळिशीच्या आत असताना, भर उन्हात तासन्‌तास बसलेल्या जनसमुदायातील १४ जण उष्माघाताने दगावले. विदर्भात अशा दिवसाला कोणी कडक ऊन म्हटले नसते.

ऋतूचे वेळापत्रकही प्रदेशागणिक बदलते. मोसमी पाऊस केरळात १ जूनच्या सुमारास येतो आणि पश्चिम राजस्थानात पोहोचेपर्यंत जुलैचा पहिला आठवडा उलटतो, त्यामुळे विदर्भ-तेलंगणाचा कहर एप्रिल-मेमध्ये, तर राजस्थान-हरियाणाचा मे-जूनमध्ये असतो. मुंबईत मात्र पूर्वेकडील जमिनीवरचे वारे खाऱ्या वाऱ्यांना उशिरापर्यंत रोखून धरतात ते प्रामुख्याने मार्चमध्ये, आणि म्हणून तेथे चाळिशी ओलांडणारे दिवस मेपेक्षा मार्चमध्ये अधिक दिसतात. ईशान्य भारत वळवाच्या पावसामुळे या चर्चेपासून बराचसा दूर राहतो.

या कालखंडाला वळण मिळाले ते अहमदाबादमुळे. २०१० च्या मे महिन्यात तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला. उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू मोजकेच होते, परंतु नंतरच्या अभ्यासात त्या महिन्यातील एकूण मृत्यू नेहमीपेक्षा १,३४४ ने अधिक असल्याचे आढळले. उन्हाने मारलेला माणूस कागदोपत्री बहुधा हृदयविकाराने किंवा मूत्रपिंड निकामी होऊन गेलेला असतो, आणि म्हणूनच ओडिशा-आंध्रचे वर दिलेले आकडेसुद्धा किमान मर्यादाच मानणे योग्य. २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णता कृती आराखडा अमलात आणला. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी त्याचा कित्ता गिरवला.

अखेरच्या वर्षांत परिचित सीमारेषा ढळू लागल्या. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, दाणे भरण्याच्या काळात गहू होरपळला आणि मे महिन्यात केंद्राने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. २०२४ च्या एप्रिलमध्ये पश्चिम बंगालच्या कलाईकुंडा येथे ४७.२ अंशांची नोंद झाली, जी एरवी राजस्थानात शोभावी, आणि केरळातही लाटेचे इशारे द्यावे लागले. त्याच वर्षीच्या मेमध्ये दिल्लीतील मुंगेशपूरच्या ५२.९ अंशांची जगभर बातमी झाली. तपासणीत तेथील संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे निष्पन्न झाले. जूनच्या मध्यावर त्याच शहरातील सफदरजंग केंद्रावर एका रात्रीचे किमान तापमान ३५.२ अंश होते. त्याची चर्चा कितीतरी कमी झाली. वास्तविक, दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्रीचाच अवधी मिळत असल्याने, दोन्हींपैकी हा आकडा अधिक गंभीर होता.