उच्च जातीचा दाखला अमेरिकेत चालला नाही!

आपला माणूस परदेशी जाताना बॅगेत लोणचे, पापड आणि देवाची तसबीर घालतो. सोबत जातही नेतो, पण ती विमानतळावर कोणी तपासत नाही. आज आम्ही वाचकांपुढे अशा एका भारतीयाची हकीकत ठेवत आहोत, ज्याने आपली जात थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पुरावा म्हणून मांडली.

भगतसिंग थिंड हे अमृतसर जिल्ह्यातले शीख तरुण. १९१३ साली ते अमेरिकेत उतरले. त्याच वर्षी बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन आमचे बाबासाहेबही न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, हे येथेच ध्यानात ठेवावे. थिंड यांनी लाकडाच्या गिरण्यांत काम केले आणि १९१८ साली ते अमेरिकन सैन्यात भरती झाले. डोक्यावरची पगडी त्यांनी सैन्यातही उतरविली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात, अंगावर लष्करी गणवेश असतानाच, त्यांना नागरिकत्व मिळाले आणि चार दिवसांत ते काढूनही घेतले गेले. १९२० साली ऑरेगॉनच्या न्यायालयाने पुन्हा नागरिकत्व दिले. सरकारने त्यावर अपील केले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

अडचण कायद्याची होती. १७९० च्या अमेरिकन कायद्याने परक्या माणसाला नागरिक करून घेण्याची मुभा फक्त 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'ना ठेवली होती. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठीही हा दरवाजा उघडला. म्हणजे कायद्यात दोन दरवाजे होते, एक गोऱ्यांचा आणि एक काळ्यांचा. त्या काळात नागरिकत्वासाठी न्यायालयात भांडणाऱ्या जपानी, सिरियन, भारतीय अर्जदारांपैकी जवळजवळ सर्वांनी गोऱ्यांचाच दरवाजा ठोठावला. काळ्यांच्या रांगेत उभे राहणे कोणाला नको होते.

थिंड यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? आपण उच्च जातीचे हिंदू आहोत, शुद्ध आर्य रक्ताचे आहोत, मानववंशशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे कॉकेशियन आहोत, म्हणून आपण गोरे आहोत. गुरू नानकांच्या पंथातला माणूस 'उच्च जातीचा हिंदू' कसा, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. अमेरिकेत तेव्हा सर्वच भारतीयांना 'हिंदू' म्हणत. पण 'उच्च जातीचा' हे शब्द अमेरिकनांनी दिलेले नव्हते! ते आमच्याच मातीतून गेले होते. आणखी पुढे जाऊन असेही सांगण्यात आले की, उच्च जातीचा हिंदू इथल्या मूळनिवासी मंगोलवंशीयाकडे लग्नसंबंधाच्या बाबतीत त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो. म्हणजे, आम्हीही तुमच्यासारखीच अस्पृश्यता पाळतो, तेव्हा आम्हाला तुमच्यात घ्या. थिंड यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित हे होते. नावावरून वाचकांनी काय ते ओळखावे.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी एकमताचा निकाल दिला. तीन महिन्यांपूर्वी याच सदरलँड यांनी ताकाओ ओझावा या जपानी माणसाला, गोरा म्हणजे कॉकेशियन आणि तू कॉकेशियन नाहीस, असे सांगून परत पाठविले होते. आता कॉकेशियन म्हणवणारा माणूस समोर आला तेव्हा ते म्हणाले, शास्त्र बाजूला ठेवा, सामान्य गोरा माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. जातीच्या नियमांनाही रक्ताची सरमिसळ पूर्णपणे रोखता आली नाही, असा शेराही त्यांनी मारला. स्वतः सदरलँड इंग्लंडात जन्मून अमेरिकेत आलेले. त्यांना मात्र कोणी रक्त विचारले नाही.

या निकालानंतर पन्नासहून अधिक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. त्यात वैष्णोदास बगाई होते. १९१५ साली पत्नी आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आलेले, पेशावरकडचे व्यापारी. नागरिकत्व गेले आणि जमीनजुमल्याचा हक्कही गेला, कारण नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परकीयाने जमीन बाळगू नये, असा कॅलिफोर्नियाचा कायदा होता. ब्रिटिश प्रजाजन म्हणून पासपोर्ट घेणे त्यांना मान्य नव्हते, ब्रिटिशांना कंटाळूनच तर ते देश सोडून आले होते. १९२८ साली त्यांनी गॅस सोडून जीव दिला. आम्ही थिंड यांच्या युक्तिवादावर कठोर लिहिले, पण बगाई यांच्याविषयी लिहिताना लेखणी जड होते. वर्णद्वेषाच्या दारात उभा राहिलेला माणूस सवर्ण असला तरी माणूसच असतो.

सखाराम पंडितांचेही नागरिकत्व काढण्याचा खटला सरकारने भरला. ते तो जिंकले. त्यांना एकदा कायदेशीर निकालाने नागरिकत्व मिळाले होते आणि तो निकाल सरकारने वेळेत आव्हानिला नव्हता, हा मुद्दा कामी आला. आर्य रक्त कामी आले नाही. थिंड यांनाही शेवटी १९३६ साली नागरिकत्व मिळाले, ते पहिल्या महायुद्धातले माजी सैनिक म्हणून. भारतीयांवरची बंदी १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने उठली आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा मिळाला. त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांपुढे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तेथे नेण्याचा त्यांचा विचार होता. एकीकडे गोऱ्यांच्या रांगेत घुसण्याचा खटाटोप, दुसरीकडे काळ्यांच्या लढ्याशी नाते जोडणे, हे दोन रस्ते वाचकांनी शेजारी ठेवून पाहावेत.

आज अमेरिकेत जे लाखो भारतीय आहेत, ते बहुतेक १९६५ च्या कायद्यानंतर गेलेले. वंशावर बेतलेले जुने कोटे त्या कायद्याने मोडले. तो मंजूर झाला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नागरी हक्क चळवळीच्या लाटेत. माँटगोमेरीच्या बसवर बहिष्कार टाकून पायी चालणाऱ्या काळ्या मोलकरणींच्या पायांवर आपल्या इंजिनिअरांचे ग्रीन कार्ड उभे आहे. तेथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांचे नागरिकत्व उभे आहे ते चौदाव्या घटनादुरुस्तीवर. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने काळा माणूस नागरिकच होऊ शकत नाही असे ठरविले होते. तो कलंक पुसण्यासाठी १८६८ साली ही दुरुस्ती आली. १८९८ साली वाँग किम आर्क या चिनी आचाऱ्याने तिच्याच बळावर खटला जिंकला. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी या हक्काला कात्री लावणारा आदेश काढला, तेव्हा त्यात तात्पुरत्या व्हिसावरील आईबापांची मुलेही आली. खालच्या न्यायालयांनी आदेश रोखताना आधार घेतला तो त्या चिनी आचाऱ्याच्या खटल्याचा.

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात 'जात' हा शब्द घातला. अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर. त्यानंतर कॅलिफोर्निया राज्यात तसेच विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. त्याला कडाडून विरोध केला तो काही हिंदू संघटनांनी. अमेरिकेत जात नाहीच, असे कायदा करणे म्हणजे आमचीच बदनामी, असे त्यांचे म्हणणे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी, आहेत ते कायदे पुरेसे आहेत असे सांगून, नकाराधिकार वापरला. १९२३ साली जी जात गोरे ठरण्यासाठी न्यायालयात हजर केली होती, ती बरोबर शंभर वर्षांनी अस्तित्वातच नाही असे सांगण्यात आले!

हिंदू पृथ्वीवर इतरत्र गेले तर भारतीय जात हा जगाचा प्रश्न होईल, हे केतकरांचे मत बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियातल्या आपल्या निबंधात उद्धृत केले होते. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, आणि थिंड त्याच देशात होते.