तुळजापूरच्या वाटेवरचं सात वर्षांचं राज्य

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लातूरहून, औशाहून तुळजापूरला निघालेला माणूस वाटेत फारसा रेंगाळत नाही. देवीचं दर्शन, प्रसाद आणि परतीची एसटी. पण याच भागात इंग्रजांनी अवघी सात वर्षं थेट राज्य केलं, हे किती जणांना ठाऊक असतं?

मराठवाडा निजामाचा. त्यामुळे महाबळेश्वर, माथेरानसारखे साहेबांचे बंगले आणि चर्च इथे फारसे शोधू नयेत. इंग्रज इथे होते ते मुख्यतः छावणीत. हिंगोली, जालना आणि मोमिनाबाद, म्हणजे आपलं अंबाजोगाई, इथे 'हैदराबाद कंटिंजंट' फौज असे. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा! हा पगार थकत गेला, कर्ज वाढलं आणि १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीनं तहानं वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख आपल्या ताब्यात घेतला. सावकारानं शेत लिहून घ्यावं, तसाच हा प्रकार.

नळदुर्गला डेप्युटी कमिशनर म्हणून आला फिलिप मेडोज टेलर. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला हा माणूस कोवळ्या वयात हिंदुस्थानात आला आणि निजामाच्या नोकरीत वाढला. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ साली गाजली होती. शोरापूरचा कारभार पाहून तो इकडे आला, तेव्हा इथली माणसं आणि इथली भाषा त्याला परकी नव्हती. जमिनीची मोजणी, महसूल, रस्ते यांत त्यानं लक्ष घातलं. टेलर बरा होता म्हणून मुलूख घेण्याची रीत बरी ठरत नाही. मात्र त्याच्या लिखाणातून या भागाचं जे दर्शन घडतं, ते सहजी दुसरीकडे मिळत नाही. १८६३ साली आलेली त्याची 'तारा' ही कादंबरी तर तुळजापूरच्याच एका शास्त्र्याच्या मुलीची आहे, अफझलखानाच्या स्वारीच्या काळातली.

१८५७ च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात बुलढाण्याला पाठवलं गेलं. उठावात हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूनं राहिला. त्याचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये धाराशिव-नळदुर्ग आणि रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतलं.

तुळजापूरहून नळदुर्ग सुमारे पस्तीस किलोमीटर, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर. किल्ला आदिलशाहीतला म्हणून प्रसिद्ध. बोरी नदीला बांध घालून त्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल पाहायलाच हवा. नदीला पाणी भरपूर असलं की नर-मादी हे दोन धबधबे बांधावरून कोसळतात आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहतो. म्हणून पावसाळ्याअखेरीस जावं. उन्हाळ्यात गेलात तर नुसती भिंत दिसेल. टेलरनं आत्मचरित्रात या किल्ल्याविषयी लिहिलं आहे. ते वाचून गेलात तर तटावर फिरताना वेगळीच मजा येते.

आणि औशाच्या लोकांनी आधी आपलाच किल्ला पाहावा! हा भुईकोट किल्ला खोलगट जागी आहे. भोवतीची जमीन उंच, म्हणून लांबून किल्ला नजरेत भरत नाही. उलट आतल्या उंच बुरुजावरून शत्रू दूरवर दिसतो. दुहेरी तट आणि खंदक आहेच. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल, मग हैदराबादचा निजाम, असे मालक बदलत गेले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला, तोवर औसा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, त्यामुळे नळदुर्गशी त्याचं नातं जुनंच.

सकाळी औशाचा किल्ला, दुपारपर्यंत देवीचं दर्शन, मग नळदुर्ग. हे सगळं एका दिवसात बसतं, फक्त उन्हाआधी निघावं आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी.