मल्लाचे वजन आणि शरीरातील मेद

तालमीच्या तांबड्या मातीत घुमणारे मल्ल ज्यांनी पाहिले असतील, त्यांना मल्ल आधी तराजूत तोलला जातो आणि मगच आखाड्यात उतरतो, हे ऐकून थोडी गंमत वाटेल. ऑलिंपिक सामन्यांत मात्र तसा नियमच आहे. प्रत्येक मल्लाचा वजनाचा गट ठरलेला असतो व त्याची झुंज त्याच गटातील मल्लांशी होते. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले, तेव्हा ते ५२ किलोंच्या गटात खेळले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकी येथे ते ५७ किलोंच्या गटात उतरले व कांस्यपदक जिंकून परतले. स्वतंत्र भारताला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

खाशाबा वरच्या गटात गेले. पुष्कळ मल्लांचा प्रयत्न याच्या उलट असतो. वजन उतरवून खालच्या गटात शिरले, तर प्रतिस्पर्धी लहान चणीचा मिळेल, असा त्यांचा हिशेब असतो. शिवाय एका गटात एका देशाचा एकच मल्ल जाऊ शकत असल्यामुळे कधी कधी निरुपायानेही गट बदलावा लागतो. टोकियो येथे ५३ किलोंच्या गटात खेळलेल्या विनेश फोगाट २०२४ साली पॅरिसला ५० किलोंच्या गटात उतरल्या. ६ ऑगस्ट रोजी त्यांनी तीन कुस्त्या जिंकल्या. त्यांतील पहिली तर आदल्या ऑलिंपिकची सुवर्णपदकविजेती युई सुसाकी हिच्याविरुद्ध होती. दुसऱ्या दिवशी अंतिम कुस्ती होती. परंतु त्या दिवशी सकाळी पुन्हा वजन द्यावयाचे होते. रात्रभर त्यांनी व्यायाम केला, घाम गाळला, अन्नपाणी वर्ज्य केले, केसदेखील कापले. इतके करूनही काटा ५० किलोंच्या वर १०० ग्रॅम राहिला आणि त्या स्पर्धेतून बाद झाल्या. १०० ग्रॅम म्हणजे लहानशा वाटीभर पाणी!

पाणी हा शब्द येथे सहज आलेला नाही. त्या रात्री त्यांच्या अंगातून जे गेले, ते मुख्यतः पाणीच होते. वजन कमी होणे आणि मेद कमी होणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. दुर्दैवाने वजनाच्या काट्याला त्यांतील भेद कळत नाही.

मेद, म्हणजेच चरबी, ही शरीराची धान्याची कोठी होय. आपण खातो त्यातील खर्च होऊन उरलेला भाग शरीर मेदाच्या रूपाने साठवून ठेवते. अन्नाची शक्ती मोजण्याचे माप कॅलरी हे आहे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून अथवा प्रथिनातून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम मेदातून ९. थोड्या जागेत पुष्कळ शक्ती साठविण्याची निसर्गाची ही युक्ती मोठी कौतुकास्पद आहे. ज्याच्या वजनाचा १५ टक्के भाग मेद आहे, अशा ७० किलोंच्या निरोगी पुरुषाजवळ साडेदहा किलो मेद असतो आणि त्याला महिनाभर तरी पुरेल एवढी शक्ती त्यात असते. यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा पिष्टमय साठाही असतो, पण तो जेमतेम दिवसभराचा.

आता या कोठीतून एक किलो मेद काढावयाचा झाला, तर काय करावे लागेल? त्यासाठी सुमारे ७,७०० कॅलरी खर्च झाल्या पाहिजेत. ६० किलोंचा माणूस तासभर भरभर चालला, तर त्याच्या २५० कॅलरी खर्च होतात. म्हणजे एका किलोसाठी तीस तास चालावयाचे! एका रात्रीत दोन-तीन किलो उतरविणाऱ्याने काय उतरविले असेल, हे यावरून कोणीही सांगू शकेल. ते पाणी पहिल्या दोन तांब्यांबरोबर परतही येते.

काट्याला कळत नाही, तर मेद मोजावा कसा? येथे आर्किमिडीजचा सिद्धान्त कामी आला. मेद पाण्यापेक्षा हलका असतो. स्नायू व हाडे पाण्यापेक्षा जड. तेव्हा माणसाचे एकदा हवेत व एकदा पाण्याखाली वजन केले, की त्याच्या अंगातील मेदाचे प्रमाण काढता येते. अमेरिकेच्या आरमारातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी १९४२ साली धंदेवाईक फुटबॉलपटूंची अशी तपासणी प्रसिद्ध केली. उंची आणि वजन यांच्या सरकारी कोष्टकांप्रमाणे यांतील पुष्कळ गडी फाजील वजनाचे, म्हणून सैन्यात घेण्यास नालायक ठरत होते. पाण्याने निराळीच साक्ष दिली. त्यांतील बहुतेकांच्या अंगात मेद थोडा होता. वजन होते ते पिळदार स्नायूंचे.

हा स्नायू टिकवून मेद कमी करणे, हीच खरी कसोटी आहे. नुसते अन्न तोडले, तर शरीर मेदाबरोबर स्नायूही मोडून खाते. ज्या स्नायूवर रोज भार पडतो, तो मात्र सहसा मोडला जात नाही. जोर, बैठका, मल्लखांब, मुद्गल फिरविणे या आपल्याकडील जुन्या व्यायामांत स्वतःच्या देहाचा अथवा मुद्गलाचा भार उचलावा लागतो, म्हणून ते या कामी फार उपयोगी आहेत. त्यांना धावण्याची वा पोहण्याची जोड मिळाली, की कोठीतील मेदही खर्ची पडू लागतो.

आहाराविषयी मात्र तालमीचा कित्ता डोळे झाकून गिरवू नये. तूप, दूध, बदाम हा खुराक रोज शेकडो बैठका मारणाऱ्याला शोभतो. बैठका सुटतात, खुराक सुटत नाही, आणि मग एके काळच्या नामांकित मल्लाचे पोट सुटलेले दिसते. यात दोष तुपाचा नाही, हिशेबाचा आहे. तेलाच्या एका लहान चमच्यात सुमारे ४० कॅलरी असतात. तळलेल्या पदार्थांतून असे किती चमचे पोटात जातात, ते खाणाऱ्याला दिसत नाही. याउलट ज्वारीची भाकरी, मुगाची वा मटकीची उसळ, पालेभाजी आणि ताक एवढ्या साध्या जेवणाने पोट चांगले भरते, उसळीतून स्नायूंना प्रथिने मिळतात आणि कॅलरींचा हिशेबही आटोक्यात राहतो. अंडी व मासे खाणाऱ्यांची सोय तर अधिकच सोपी.

तथापि कोठी पार रिकामी करावयाची नसते. मेंदू, मज्जारज्जू व इतर इंद्रिये यांना थोडा मेद हवाच असतो. हे प्रमाण पुरुषांत वजनाच्या सुमारे ३ टक्के, तर स्त्रियांत सुमारे १२ टक्के धरतात. त्याच्या जवळ गेले तरी शरीर कुरकुरू लागते. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर, त्यांच्याच संमतीने, एक प्रयोग सुरू केला. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, स्वभाव चिडखोर झाला. कित्येक जण पाकशास्त्राची पुस्तके वाचीत बसत, इतका त्यांच्या मनाला अन्नाचा ध्यास लागला. पुढे पोटभर जेवण मिळू लागल्यावर आधी भरून आला तो मेद. स्नायू मागाहून आले. वाढत्या वयाच्या मुलामुलींना तर हाडे, स्नायू आणि मेंदू अजून घडवावयाचे असतात. या वयात मुलीच्या अंगातील मेद फार घटला, तर तिचे ऋतुचक्र थांबते आणि हाडेही ठिसूळ राहतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून या वयात जेवण तोडण्याच्या भरीस पडणे धोक्याचे आहे.

अमेरिकेत हा धडा फार महाग पडला. १९९७ च्या अखेरीस, काही आठवड्यांच्या अवधीत, महाविद्यालयांत कुस्ती खेळणारे तीन तरुण मृत्यू पावले. तिघेही घाम गाळून झटपट वजन उतरविण्याच्या खटपटीत होते. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीचे नियम बदलले. आता हंगामाच्या आरंभीच मल्लाच्या अंगातील मेद मोजतात आणि तो ५ टक्क्यांच्या खाली जाईल, असा गट त्याला निवडू देत नाहीत. आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्याहून अधिक घट चालत नाही. ६० किलोंच्या मल्लाला ही मर्यादा ९०० ग्रॅम पडते. मेद मोजण्यापूर्वी लघवीची तपासणी होते. ती दाट आढळली, म्हणजे मल्लाने पाणी तोडलेले दिसले, तर त्या दिवशी मोजमाप न करताच त्याला परत पाठवितात.