तीस वर्षांचा झाल्यावर

गालील समुद्राकाठी जाळी टाकून येशूमागे निघालेले कोळी शुभवर्तमानात अगदी सुरुवातीलाच भेटतात. हाक आली आणि ते निघाले, मध्ये विचार करायला एक दिवससुद्धा नाही. अल्बर्ट श्वाइट्झर यांना निघायला सतरा वर्षं लागली, आणि तरीही देवाची आज्ञा पाळण्याची इतकी काटेकोर गोष्ट माझ्या वाचनात दुसरी नाही.

१८९६ च्या पेन्टेकॉस्टच्या सुटीत ते आल्सासमधल्या ग्युन्सबाख या गावी घरी आले होते. वडील तिथले पाळक. वय एकवीस. सकाळी जाग आली ती एका विचाराने: आपल्या वाट्याला एवढं सुख आलं आहे, ते नुसतं घेत राहणं बरोबर नाही. अंथरुणातून उठण्याआधीच त्यांनी ठरवून टाकलं. तिसाव्या वर्षापर्यंत संगीत आणि विद्या यांसाठी जगायचं, त्यानंतर थेट माणसांच्या सेवेसाठी. कसली सेवा, कोणत्या देशात, काहीच माहीत नव्हतं. मुदत तेवढी पक्की होती.

एकविसाव्या वर्षी असे संकल्प पुष्कळ जण करतात. नवल पुढे आहे. त्या नऊ वर्षांत सोडायचं ते आटण्याऐवजी वाढतच गेलं. १८९९ मध्ये कांटवरच्या प्रबंधासाठी तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळाली. स्ट्रासबुर्गच्या सेंट निकोलस चर्चमध्ये ते प्रवचनं देऊ लागले, विद्यापीठात शिकवू लागले, धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे प्रमुख झाले. पॅरिसला शार्ल-मारी विदोर यांच्याकडे ऑर्गन शिकले, आणि १९०५ मध्ये बाखच्या संगीतावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक फ्रेंचमध्ये आलं. एकेका क्षेत्रातली एवढी कमाईसुद्धा एका आयुष्याला पुरली असती.

१९०४ च्या शरदात पॅरिसच्या मिशनचं एक मासिक त्यांच्या टेबलावर येऊन पडलं. काँगोच्या मिशनला माणसं हवी आहेत, असा त्यात लेख होता. तो वाचून संपला आणि त्यांचा शोधही संपला. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी घरच्यांना आणि जवळच्या मित्रांना लिहिलेली पत्रं पेटीत टाकली: मी वैद्यकी शिकणार आहे आणि डॉक्टर होऊन आफ्रिकेला जाणार आहे.

सगळ्यांनी विरोध केला. विदोर म्हणाले, सेनापतीने बंदूक घेऊन आघाडीच्या रांगेत जाऊन बसावं तसं हे आहे. कुणाला प्रेमभंगाचा संशय आला. ते प्रवेशासाठी गेले तेव्हा वैद्यकशाखेच्या प्रमुखांना वाटलं, याला मानसोपचारतज्ज्ञाकडेच पाठवायला हवं. डॉक्टरच का, याचं श्वाइट्झर यांचं उत्तर मात्र साधं होतं. धर्मगुरू आणि प्राध्यापक म्हणून वर्षानुवर्षं शब्दांतून प्रेमाचा धर्म सांगून झाला होता. आता तोंड न उघडता तो करून पाहायचा होता.

त्याच काळात त्यांचं दुसरं एक काम पुरं होत होतं, आणि मला वाटतं खरी किल्ली तिथे आहे. अठराव्या शतकापासून युरोपचे विद्वान इतिहासाच्या साधनांनी खरा येशू शोधत होते. ती सगळी येशूचरित्रं श्वाइट्झर यांनी एकामागून एक तपासली आणि १९०६ मध्ये दाखवून दिलं की ज्याने त्याने आपल्याच काळाच्या तोंडवळ्याचा येशू रंगवला आहे. खरा येशू देवाचं राज्य आत्ता, लगेच येणार अशी वाट पाहणारा; आपल्या युगाला परका. विद्वत्तेच्या वाटेने तो हाती लागत नाही. मग कशाने लागतो? ग्रंथ संपतो तिथे श्वाइट्झर त्या गालीलच्या कोळ्यांकडे वळतात. त्यांना तरी तो कोण हे कुठे ठाऊक होतं? जे त्याचं ऐकून कामाला लागतात त्यांना तो कष्टांत आणि दुःखांत उलगडत जातो, असा त्यांचा निष्कर्ष. हे छापून आलं तेव्हा लेखक स्वतः शरीरशास्त्राच्या वर्गात, आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या बाकांवर बसत होता. निष्कर्षाची पडताळणी त्याने आधीच सुरू केली होती!

गंमत बघा, हीच मतं मिशनला खटकली. असला माणूस तिथे जाऊन काय शिकवेल? शेवटी, फक्त औषधोपचार करीन, प्रवचन देणार नाही, असं त्यांनी कबूल केलं. खर्च मैफलींतून आणि देणग्यांतून उभा केला. १९१३ च्या गुड फ्रायडेला ते आणि पत्नी हेलेने ग्युन्सबाखहून निघाले आणि एप्रिलमध्ये ओगोवे नदीकाठच्या लाम्बारेनेला, आजच्या गॅबनमध्ये, पोहोचले. दवाखान्याला जागा मिळाली ती कोंबड्यांच्या जुन्या खुराड्याची. पहिल्या नऊ महिन्यांत जवळजवळ २,००० रुग्ण आले: मलेरिया, निद्रारोग, कुष्ठरोग, हर्निया. भूल द्यायला हेलेने, दुभाषा म्हणून जोसेफ हा तिथलाच माणूस. आफ्रिकेच्या माणसांकडे श्वाइट्झर थोरल्या भावाच्या नजरेने बघत, आणि ती नजर आज खटकते, खटकायलाही हवी. जखमा मात्र त्यांनी आयुष्यभर धुतल्या.

ऑर्गन, अध्यापन आणि स्वतःच्या पायावर उभं असणं, या तीन गोष्टींची आहुती आपण द्यायला निघालो होतो, असं त्यांनी पुढे लिहिलं. पण अब्राहामाने बळी द्यायला नेलेला मुलगा जसा त्याला परत मिळाला, तशा या तिन्ही परत मिळाल्या. पॅरिसच्या बाख संस्थेने ऑर्गनसारखी पायपट्टी जोडलेला, दमट हवेसाठी आतून जस्त लावलेला पियानो दिला होता. त्यावर ते जंगलात सराव करत राहिले. पुढे युरोपातल्या मैफली, व्याख्यानं आणि पुस्तकं यांवरच इस्पितळ वाढलं. १९५२ च्या शांततेच्या नोबेलची रक्कम कुष्ठरुग्णांच्या वस्तीसाठी गेली.

हा जमाखर्च वाचताना मला अब्राहामाची बायको सारा आठवते. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम मुलाला घेऊन डोंगरावर जातो, आणि तेविसावा उघडतो तो साराच्या मृत्यूने. तिला कुणी विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही. हेलेने यांनी तर जाणूनबुजून होकार दिला होता. इतिहासकाराची ही मुलगी या संकल्पासाठी परिचारिकेचं शिक्षण घेऊन तयार झाली होती. पहिल्या महायुद्धात फ्रेंच वसाहतीतले जर्मन नागरिक म्हणून दोघं नजरकैदेत पडले, १९१७ मध्ये त्यांना फ्रान्सच्या छावणीत नेलं. तोवर हेलेने यांची प्रकृती ढासळली होती. १९२४ मध्ये श्वाइट्झर परत लाम्बारेनेला गेले तेव्हा हेलेने पाच वर्षांच्या मुलीला, ऱ्हेनाला, घेऊन युरोपातच राहिल्या. वडिलांच्या त्या तीन आहुतींच्या यादीत मुलीचं बालपण नाही. तिने मोठेपणी प्रयोगशाळेचं काम शिकून घेतलं, लाम्बारेने गाठलं, आणि १९६५ मध्ये वडील गेल्यावर इस्पितळाचा कारभार हाती घेतला.