यंत्र जुने होणे आणि कालबाह्य होणे

यंत्राचा अंत दोन प्रकारांनी होतो. एक तर ते वापराने झिजते. चक्रे खिळखिळी होतात, पट्टे तुटतात, ओतीव भागाला तडा जातो आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीस भिडला की मालक ते मोडीत घालतो. दुसरा प्रकार निराळा आहे. यंत्र सुस्थितीत असते, फिरवले तर फिरते. परंतु ज्या परिस्थितीसाठी ते घडविले ती बदलते, किंवा त्याहून सरस यंत्र निघते, किंवा ते घडविणारा कारखाना त्याचे सुटे भाग करणे बंद करतो. पहिल्यास जुने होणे म्हणतात. दुसऱ्यास कालबाह्य होणे म्हणावे. जुने होण्याची कल्पना प्रत्येक शेतकऱ्यास असते, कारण ते डोळ्यांस दिसते व कानांस ऐकू येते. कालबाह्य होणे मात्र दिसत नाही, आणि म्हणून त्यात पैसा बुडतो.

आमच्या सुलतानपूर भागातील (ता. लोणार, जि. बुलढाणा) उदाहरण घ्या. विहिरीच्या काठावर बसविलेले जुने पंप येथे कित्येकांच्या गोठ्यांत पडलेले दिसतात. त्यांतील पुष्कळ मोडलेले नाहीत. काठावरचा पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो नळीतील हवा कमी करतो आणि बाहेरची हवा आपल्या दाबाने विहिरीतले पाणी नळीत वर ढकलते. हवेचा हा दाब समुद्रसपाटीस फार तर ३४ फूट पाणी तोलू शकतो. आपला मुलूख उंचावर आहे, नळीत घर्षण होते, सांध्यांतून थोडी हवा शिरते. त्यामुळे व्यवहारात २० ते २५ फुटांपलीकडे काठावरच्या पंपाचे काही चालत नाही. पाणी त्याखाली गेले की पंप निर्दोष असूनही निकामी ठरतो. कित्येकांनी विहिरीत खाली ओटा बांधून त्यावर पंप उतरविला व काही वर्षे निभावली. परंतु बोअरमध्ये ओटा कोठून बांधणार? तेथे पाण्यात बुडून राहणारा व खालून ढकलणारा सबमर्सिबल पंपच लागतो. म्हणजे काठावरचा पंप कोणा कारखानदाराने हटविला नाही. जमिनीतल्या पाण्यानेच त्यास हटविले.

त्यापूर्वी या पंपाने व तेलाच्या इंजिनाने मोट हटविली होती. मोट गेली तेव्हा तिच्याबरोबर धाव आणि थारोळे ओस पडले, नाडा वळणाऱ्याचे काम गेले, चामड्याची मोट शिवणाऱ्या चांभाराचे व चाक करणाऱ्या सुताराचे बलुत्याचे एक कलम गेले. ज्याने नवे यंत्र घेतले त्याचा लाभ आपण मोजतो. ज्याचे काम गेले त्याचा हिशेब कोणत्याच वहीत सापडत नाही.

आता हाच प्रश्न कारखान्याच्या बाजूने पाहू. वऱ्हाडच्या कापूसवाल्यांस ज्या गिरणीची कथा ठाऊक असावयास हवी ती नागपूरची एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटा यांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, त्यावरून गिरणीस हे नाव मिळाले. त्या काळी सूत कातण्याच्या कामी लँकेशायरात 'म्यूल' नावाच्या यंत्राचे राज्य होते. म्यूलवर चात्यांची एक लांब गाडी असते. ती पुढे सरकताना सूत ताणते व पिळते. मग थांबते आणि मागे जाताना तेच सूत गुंडाळते. म्हणजे काही वेळ कातण्यात व काही गुंडाळण्यात जातो, शिवाय ती गाडी सांभाळण्यास कसलेला कारागीर लागतो. अमेरिकेत निघालेल्या 'रिंग' यंत्रात ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. चातीभोवती एक कडे असते, कड्यावरून एक लहानशी आकडी फिरते आणि सूत पिळत पिळतच गुंडाळले जाते. यंत्र मध्ये थांबत नाही व ते चालविणारा मजूर थोड्या शिक्षणाने तयार होतो.

१८८३ साली एम्प्रेस मिलमध्ये हे रिंग यंत्र प्रयोगादाखल लावण्यात आले. गिरणी अवघी सहा वर्षांची होती. तिच्यातील यंत्रे झिजली म्हणून बदलली असे नव्हे. नव्या यंत्राने जाडे सूत अधिक निघते व मजुरी कमी पडते हे प्रयोगात दिसल्यावर जुनी साधने काढून रिंग वाढविण्यात आली. लँकेशायरातील अनेक गिरण्या मात्र त्यानंतर अर्धे शतक उलटले तरी म्यूल चालवीतच राहिल्या. त्यांस मूर्ख म्हणणे सोपे आहे, परंतु आम्हांस ते पटत नाही. त्यांच्याजवळ म्यूल आधीच विकत घेतलेले होते, ते चालविणारे तरबेज कारागीर होते आणि त्यांचा माल बारीक सुताचा होता, ज्यात म्यूलचे सूत उत्तम उतरे. एका वर्षाचा जमाखर्च मांडला तर त्यांचे बरोबरच होते. पंचवीस वर्षांचा मांडला असता तर त्यांस निराळे दिसले असते. कालबाह्यतेचा पेच नेमका येथे आहे. जुने यंत्र ठेवणे दर वर्षी फायद्याचेच दिसते, आणि ज्या वर्षी ते तोट्याचे दिसू लागते त्या वर्षी नव्यासाठी गाठीस पैसा उरलेला नसतो.

याच एम्प्रेस मिलचा शेवट पाहिला म्हणजे एकदा केलेला बदल जन्मभर पुरत नाही हेही ध्यानात येते. पुढील काळात ती गिरणी मागे पडत गेली, १९८६ साली ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ साली बंद झाली. तिच्या जागेवर आता मोठा बाजार उभा आहे. ज्या गिरणीने तरुणपणी चालू यंत्र काढून नवे लावले, तीच म्हातारपणी जुन्या यंत्रांखाली दबली.

दुसरे उदाहरण आपल्या शेताच्या अधिक जवळचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावास सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, मग कडबा कापण्याची यंत्रे केली व १९०३ साली लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमिनीस विष चढते अशी समजूत असल्यामुळे आरंभी तो नांगर कोणी घेईना. १९१० साली औंध संस्थानात पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कारखाना कुंडल रोड स्थानकाजवळ आला व तेथे किर्लोस्करवाडी वसली. नांगराचा खप पुढे वाढला, परंतु कारखाना नांगरावर विसंबून राहिला नाही. चरक आले, पाण्याचे पंप आले. १९४६ साली पुण्यास तेलाच्या इंजिनांचा स्वतंत्र कारखाना निघाला. पुढे ट्रॅक्टर आले आणि बैलांच्या नांगराचा बाजार आटला. आज किर्लोस्करवाडीची ओळख पंपांमुळे आहे. जो माल आज खपतो आहे त्याच्याच नफ्यातून उद्याचा माल उभा करावयाचा, ही रीत पुष्कळांस कळते. खप जोरात असताना ती आचरणे थोड्यांसच साधते.

माल बंद करण्याचीही एक रीत असते. आमची नोकरी महसूल खात्यात झाली. तेथे आरंभीच्या काळात टाइपरायटरच्या खडखडाटावाचून कचेरी ही कचेरी वाटत नसे. गोदरेज आणि बॉइस कंपनीने १९५५ साली स्वदेशी टाइपरायटर काढला आणि २००९ साली त्याचे उत्पादन थांबविले. संगणक आल्यावरही कित्येक वर्षे ती यंत्रे निघत होती, कारण कोर्ट-कचेऱ्यांत व अर्जनविसांकडे मागणी उरलेली होती. बंद पडलेल्या मालाचे सुटे भाग पुढे किती वर्षे द्यावयाचे, त्यांचा साठा किती करून ठेवावयाचा, साचे मोडावयाचे की दुसऱ्यास द्यावयाचे, हे जो कारखाना आधी ठरवितो त्याचे गिऱ्हाईक उघड्यावर पडत नाही. जो ठरवीत नाही त्याची पाटी उतरते आणि शेतकऱ्याच्या वाड्यात यंत्र पोरके होते.

परंतु पोरके झालेले प्रत्येक यंत्र मरतेच असे नाही. एचएमटी ट्रॅक्टर पाहा. चेकोस्लोव्हाकियातील झेटर कंपनीच्या साहाय्याने १९७१ साली पिंजोर येथे तो निघू लागला व ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने तो विभाग बंद करण्याचे ठरविले. तथापि ते ट्रॅक्टर शेतांत अद्याप चालताना दिसतात. इतकी यंत्रे विकली गेली होती की सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांस त्यांत धंदा उरला, आणि गावोगावचे मिस्त्री त्या यंत्राशी परिचित झालेले होते. उलटपक्षी ज्या यंत्राचे तालुक्यात चार-दोनच नग आहेत त्याचा कारखाना बंद पडला तर एका दांडीसाठी ते उभे राहते. यास्तव स्वस्त व अपूर्व यंत्रापेक्षा, ज्याचा मिस्त्री मेहकरास किंवा लोणारास भेटतो असे साधे यंत्र अधिक टिकाऊ समजावे, मग कागदावर त्याची शक्ती थोडी कमी का असेना.

दुसरी परीक्षा मापांची. बेअरिंगवर कोरलेला आकडा पाहा. ६२०५ हा आकडा असेल तर आतील व्यास २५, बाहेरील ५२ व रुंदी १५ मिलिमीटर, मग ते कोणत्याही कंपनीचे व कोणत्याही देशातले असो. असे बेअरिंग असलेले यंत्र कारखाना बुडाला तरी अडत नाही. ट्रॅक्टरच्या मागील पीटीओ दांड्याचे मिनिटास ५४० फेरे हेही असेच सर्वमान्य माप आहे. म्हणून एका कंपनीच्या ट्रॅक्टरवर घेतलेले रोटाव्हेटर, शक्ती जुळत असल्यास, दुसरीच्या ट्रॅक्टरवर चालते. याच्या उलट, जेथे पट्टा, जोडणी व कड्या कारखान्याने खास आपल्या मापाच्या केल्या असतील तेथे गिऱ्हाईक त्या कारखान्याशी बांधले गेले असे समजावे. विक्रेता यास वैशिष्ट्य म्हणून सांगेल.

हे सर्व सांगण्याचे निमित्त सौर पंपाचे आहे. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली निघाली व २०२४ पासून महाराष्ट्रात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना सुरू झाली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरावयाचा असतो, आणि दुरुस्तीची हमी ५ वर्षांची असते. रात्रीच्या विजेसाठी जागरण करणाऱ्यास हा पंप वरदानच आहे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु त्याचे तीन भाग तीन वयांचे आहेत. वरची पॅनेले साधारणतः २५ वर्षे चालावीत अशा हिशेबाने केलेली असतात. मोटर व पंप पाण्यातील गाळ व वापर यांवर अवलंबून. तिसरा भाग म्हणजे नियंत्रक, ज्यास आपण कंट्रोलर म्हणतो. हा विजेच्या नाजूक घटकांचा डबा असून, पॅनेलांइतके वय त्यापासून अपेक्षिता येत नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. काही सौर पंपांची मोटर नेहमीच्या तीन फेजच्या विजेवर चालणारी असते. तिचा नियंत्रक बिघडला तर योग्य शक्तीचा दुसऱ्या बनावटीचा नियंत्रक जोडता येतो, आणि प्रसंगी ती मोटर साध्या विजेवरही चालू शकते. काहींची मोटर मात्र डीसी जातीची, ब्रश नसलेली असते. ती कमी उन्हातही चांगले काम देते, परंतु तिला तिच्याच जोडीचा नियंत्रक लागतो. सहाव्या वर्षी तो डबा जळला आणि पुरवठादार तोपर्यंत धंद्यातून उठला असेल, तर वीस वर्षे चालणारी पॅनेले उन्हात उभी राहतील व पाणी विहिरीतच राहील. ज्या योजनेत पुरवठादार निवडण्याची मुभा आहे तेथे निवडीपूर्वी मोटर कोणत्या जातीची, नियंत्रक स्वतंत्र विकत मिळतो काय व त्याची आजची किंमत किती, हे तीन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे.

पैशाची तजवीज करण्यास कारखानदारांची घसारा काढण्याची पद्धत शेतकऱ्यासही उपयोगी आहे. समजा, एक यंत्र ६०,००० रुपयांस घेतले व ते १० वर्षे चालेल असा अदमास आहे; तर दर वर्षी ६,००० रुपये वेगळे काढावेत. बहुतेक लोक ही १० वर्षे यंत्र झिजण्याची धरतात. आमच्या मते ती सुटे भाग मिळण्याची धरावीत. भाग ६ वर्षेच मिळण्याचा संभव असेल तर दरसाल १०,००० काढावे लागतील, आणि तेवढे निघत नसतील तर ते यंत्र वस्तुतः स्वस्त नव्हते हे खरेदीच्या आधीच कळेल. अनुदानात मिळालेल्या यंत्रासही हा हिशेब लागू आहे, कारण पहिले यंत्र सरकारी हिश्शातून आले तरी सहाव्या वर्षीचा नियंत्रक आपल्या खिशातून यावयाचा असतो.

कागदपत्रांविषयी थोडे सांगतो, कारण आमचा जन्म त्यांतच गेला. पंपावरील पितळी किंवा पत्र्याच्या पाटीवरचा क्रमांक, मोटरची जात, शक्ती व बनावटीचे वर्ष बसविण्याच्या दिवशीच वहीत उतरून घ्यावे. उन्हापावसाने ती पाटी लवकर वाचेनाशी होते. हमीपत्र, पावती व पुरवठादाराचे लेखी उत्तर सातबाऱ्याच्या पुडक्यात ठेवावे. पाच वर्षांची मुदत ज्या महिन्यात संपते त्याच्या तीन महिने आधी तक्रार नसली तरी पंप एकदा तपासून घेण्याचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.